इवानबाबाचा पट्टा

सातपुड्यात गाडीरस्ता पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. साता समुद्रांपलीकडच्या वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातून इवान नावाचा एक तरुण जांभूळढाण्याला आला. इंग्रज सरकारनं त्याला गावाच्या वरची उतरण कॉफी लावायला दिली होती. तिथं गावाची गुरं चरायची. पण गावाला कुणी विचारलं नाही. मग गावही त्याच्याशी बोलेना.

पुढे इवानला हिवताप झाला. गावातल्याच बुदाय नावाच्या कोरकू मुलीनं त्याला पेज पाजून जगवलं. तिच्या हातानं तो मरणाच्या दारातून उठून बसला, असं म्हणतात. दोघांनी लग्न केलं. गोऱ्या साहेबांनी त्याला वाळीत टाकलं आणि गावानंही त्याला आपलं म्हटलं नाही. तो कोरकू बोलायला शिकला. बाग पांढऱ्या फुलांनी भरून यायला लागली, तरी गुरांचं रान गेल्याचा गावाचा राग काही जाईना.

एका उन्हाळ्यात वरच्या जंगलाला वणवा लागला. वारा गावाकडे, ओढा कोरडा. मध्ये होती ती इवानची बाग, आणि तिच्यात वाळक्या पानांचा थर. इवाननं टेंभा पेटवला. वणवा पोचायच्या आत बाग जाळली, तर आगीला पुढे खायला काही उरणार नव्हतं.

बुदायनं त्याचा हात धरला. "बाग गेली की तू तुझ्या मुलखात जाशील."

"गाव राहिलं तर कशाला जाईन?" इवान म्हणाला, आणि त्यानं पहिल्या झाडाखाली आग लावली.

ते बघून गाव धावलं. बायकांनी बागेच्या खालच्या कडेचा पाला ओढून काढला, पुरुषांनी ओल्या फांद्यांनी ठिणग्या झोडपल्या. वणवा आला तेव्हा बाग काळी पडली होती. त्या राखेपाशी वणवा गुडघे टेकून बसला आणि आल्या वाटेनं परत गेला, असं म्हणतात.

इवाननं पुन्हा कॉफी लावली नाही. उतरण गुरांना मोकळी करून दिली आणि मरेपर्यंत गावाबरोबर कुटकी पेरली.

अजूनही उन्हाळा लागायच्या आधी जांभूळढाण्याचे लोक गावाभोवतीचं वाळलेलं गवत पट्ट्यानं जाळतात. त्याला इवानबाबाचा पट्टा म्हणतात. ती राख निवेपर्यंत गावात चूल पेटत नाही. जंगलखात्याचा नवा माणूस आला की विचारतो, "हा इवानबाबा कोण?"

"आमचा जावई," लोक सांगतात.