टाळ्यांच्या गजरात मंजूर

एकदा एका म्हाताऱ्या मास्तरानं आपल्या सगळ्यात हुशार पोरीला एका कुलपापुढं उभं केलं आणि सांगितलं, "कर भाषण." माणसं नाहीत, मंडप नाही, समोर नुसतं कुलूप. गाव म्हणालं, रिटायर व्हायच्या आधीच मास्तराचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. फिरलं असतं तर बरं झालं असतं, निदान रात्री झोप तरी लागली असती त्याला.

पोरीचं नाव मायाक्का. हजेरीत माया. वरल्या वाडीची, धनगराची. वाडी म्हणजे डोंगराच्या खांद्यावर बावीस घरं, त्यांची मेंढरं आणि एका खोलीची चौथीपर्यंतची शाळा. त्याच खोलीत माया अक्षर शिकली आणि पाचवीपासून रोज डोंगर उतरून खालच्या गावच्या हायस्कुलात जायला लागली. वाडीतली नववीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी.

हायस्कुलात कणसे सर होते. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास त्यांचे. तास कसला, तर चालू घडामोडी आणि वक्तृत्व. दुपारच्या यष्टीनं पेपर यायचा, सर तो टेबलावर पसरायचे, एक बातमी वाचायचे आणि म्हणायचे, "आता पटवा मला." पटवायचं कसं तेही त्यांनीच शिकवलेलं. आधी गोष्ट सांगायची, म्हणजे माणूस मऊ पडतो. मग आकडा टाकायचा, म्हणजे त्याला वाटतं हा अभ्यास करून आलाय. शेवटी असा प्रश्न विचारायचा की 'नाही' म्हणायला जीभच उचलू नये.

सरांकडं चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात दोन चिठ्ठ्या. एकीवर 'बाजूने', दुसरीवर 'विरोधात'. पोरांनी भाषणं दोन्ही तयार करायची, मग डब्यात हात घालायचा. जी चिठ्ठी निघेल तसं बोलायचं. तालुक्याच्या स्पर्धेतही हीच रीत.

त्या साली पेपरात सारखं एकच चाललेलं. कमी पटाच्या लहान शाळा बंद कराव्यात आणि पोरं मोठ्या शाळेत न्यावीत. स्पर्धेला विषय तोच आला. मायानं विरोधातलं भाषण एका बैठकीत लिहिलं, डोळे पुसत पुसत. बाजूचं लिहायला तिला आठ दिवस लागले. पण लिहिलं. सरांनी शिकवलंच होतं तसं.

स्पर्धेत चिठ्ठी निघाली 'बाजूने'. आणि पोरगी अशी बोलली की परीक्षक पुढं वाकून ऐकायला लागले. "एका खोलीत चार वर्ग आणि अकरा लेकरं! एक गुरुजी एका कोपऱ्यात अ शिकवतात, दुसऱ्या कोपऱ्यात भागाकार. या अकरा लेकरांना आपण खोलीत कोंडून ठेवणार, की त्यांना जगाचं दार उघडून देणार?" ढाल मायालाच मिळाली. सरांनी ती यष्टीत मांडीवर घेऊन आणली.

ढाल बघायला सरपंच शाळेत आले. गोड माणूस. गोड माणसाची भीती वाटायला हवी, पण कुणाला वाटत नाही.

"सर, ह्ये भाषण सव्वीस जानेवारीला हू द्या की. गावाला कळू दे आपली पोर काय चीज हाय."

सरांची छाती फुगली. ते हो म्हणाले. माया दारात उभी होती. तिनं विचारलं, "सर, तिथं चिठ्ठी काढायची का?"

"तिथं कसली चिठ्ठी? बक्षीस मिळालेलं भाषण कर."

बघा. पोरीनं एकदा विचारलं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, लेझीम झाली, पोरांना बुंदी वाटली. आमच्याकडं झेंड्याच्या मंडपातच ग्रामसभा उरकून घेतात, माणसं पुन्हा कोण गोळा करणार? वाडीची माणसं मायासाठी म्हणून डोंगर उतरून आलेली. बुंदीच्या आधी एक रजिस्टर फिरलं, त्यात सगळ्यांनी सह्या आणि अंगठे दिले. हजेरीचं असेल म्हणून दिले. मग ग्रामसेवकानं "विषय क्रमांक सात" असं म्हणून एका दमात काहीतरी वाचलं. माईक कुई करत होता. कुणाला काय कळलं नाही. आणि लगेच सरपंच म्हणाले, "या विषयावर आपली वाडीची कन्या बोलंल!"

माया बोलली. आधी गोष्ट, मग आकडा, शेवटी प्रश्न. मंडप टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या तिच्या आईनं. हौसाबाईला भाषणातलं काय समजलं? एवढंच की माझी लेक माईकवर बोलतीया आणि पाटलांची माणसं गप बसून ऐकत्यात. तिनं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की हातातली बांगडी वाढली. ती काच वेचत हसत होती बाई. कणसे सरही टाळ्या वाजवत होते. उभं राहून.

ग्रामसेवक तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या मांडीवर रजिस्टर होतं आणि तो लिहीत होता.

जूनमध्ये वाडीच्या शाळेला कुलूप लागलं. दारावर कागद चिकटवलेला. हौसाबाईनं तो मायाकडून वाचून घेतला आणि तशीच खाली आली, पायात चप्पल नाही. सरांना घेऊन ग्रामपंचायतीत गेली.

"आमी कवा म्हणलं शाळा बंद करा?"

ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि वाचलं, "वरली वाडी येथील शाळा बंद करून विद्यार्थी मोठ्या शाळेत वर्ग करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात सर्वानुमते मंजूर. हा तुमचा अंगठा. टाळ्या वाजवल्या का न्हाय, मावशी?"

"वाजवल्या की. पर त्या माझ्या पोरीसाठी वाजवल्या!"

"रजिस्टरात टाळीला टाळी म्हणत्यात. पोरीची टाळी येगळी, ठरावाची येगळी, असा रकाना न्हाय त्यात."

"मग खोडा त्ये!"

"खोडता येत न्हाय. वर गेलंय."

सर म्हणाले, "अहो, ते स्पर्धेचं भाषण होतं. तिच्याकडं विरोधातलंही तयार होतं."

ग्रामसेवक हसला. "मग त्ये का न्हाय केलं, सर?"

सर तिथून उठले ते थेट यष्टीत बसले. तालुक्याला तीन खेपा घातल्या, अर्ज दिले, पोचपावत्या घेतल्या. पोचपावत्यांचा गठ्ठा झाला. शाळा उघडली नाही.

पोरांना न्यायला सरपंचांच्या भाच्याची जीप ठरलेली. आठ दिवस आली, पहिल्या दिवशी तर बॉनेटला हार घालून. मग भाचा म्हणाला, चढाला गाडी तापते. अकरा पोरांतली चार मामाच्या नाहीतर मावशीच्या गावी गेली, दोन आश्रमशाळेत घातली. पाच राहिली घरी. त्या पाचात मायाची धाकटी बहीण. सुंदरा, घरात सगळ्यांची सुंदी, सात वर्षांची. पहिलीत असतानाच स्वतःचं नाव लिहायची, भिंतीवर, दगडावर, मेंढराच्या पाठीवर बोटानं. आता ती शेळ्यांमागं जायला लागली.

माया घरात बोलेना झाली. आई तिला एक शब्द बोलली नाही, तेच तिला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर पोरगी रडून मोकळी तरी झाली असती.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी कणसे सर वर्गात आले. पेपर आणला नव्हता. हातात तो पत्र्याचा डबा. म्हणाले, "उठा. वाडीला जायचंय."

दहावीचा अख्खा वर्ग डोंगर चढला. निम्म्या वाटेत खालच्या गावची पोरं बसायला लागली. "सर, पाय गेलं! माये, तू ह्ये रोज चढतीस?" माया पुढं चढत राहिली.

वाडीच्या शाळेचं कुलूप गंजायला लागलेलं. पायरीवर सुंदी बसली होती, शेळ्या अंगणात. सरांनी खिशातून खडू काढला आणि तिच्या हातात दिला. "नाव लिही बघू तुझं."

सुंदीनं दारावर लिहिलं. हळूहळू, जीभ बाहेर काढून. सुंदरा लिहायचं होतं. उकार विसरली, वरचं टिंबही विसरली. दारावर उमटलं, 'सदरा'.

पोरं फिदीफिदी हसली. "हिचं नाव सदरा! मग हिच्या भावाचं नाव इजार असंल!"

सर हसले नाहीत. त्यांच्याकडं बघून एकेक पोर गप्प झालं. सुंदीला कळेना काय चुकलं. ती खडूकडंच बघत राहिली, जणू खडूनंच खोटं लिहिलं.

मग सरांनी डबा उघडला. आत एकच चिठ्ठी होती. स्पर्धेच्या दिवशी न निघालेल्या बाजूची. ती त्यांनी मायाला दिली. 'विरोधात'.

"हे तुझं राहिलेलं भाषण. कर."

"सर, कुणापुढं?"

"या कुलपापुढं."

पोरांना वाटलं सर चेष्टा करतायत. मायाला कळलं, चेष्टा नाही. ती दाराकडं तोंड करून उभी राहिली आणि बोलायला लागली. तेव्हा लिहिलेला शब्द न शब्द तिच्या ध्यानात होता. "या शाळेचा उंबरा माझ्या गुडघ्याएवढा होता, तेव्हा आईनं मला उचलून आत ठेवलं... वाडीपासून मोठ्या शाळेपर्यंत लहान पोरीची अकरा हजार पावलं होतात. मी बहिणीला बरोबर घेऊन मोजलीत... ज्या लेकराचे पाय तिथवर पोचत नाहीत, त्याच्यासाठी तुम्ही उघडलेलं जगाचं दार कुठल्या कामाचं?"

तालुक्यातल्या भाषणापेक्षा हे दसपट चांगलं होतं. मागं बसलेल्या पोरी रडायला लागल्या. दोघातिघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"हात खाली!" सर ओरडले. एवढं ओरडलेले त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. शेळ्यासुद्धा बुजल्या.

उचललेले हात खाली आले. कुलूप जागच्या जागी. सुंदी म्हणाली, "आक्का, मग ह्ये तवाच का न्हाय बोललीस?"

माया तिच्यापुढं उकिडवी बसली. तालुक्याची ढाल मिळवलेल्या पोरीला एक सरळ वाक्य जुळेना. शेवटी तोंडातून निघालं, "तशी चिठ्ठी न्हाय निघाली, बाळ."

सुंदीनं मान हलवली. लहान पोरांना असलं उत्तर चालतं. मोठ्यांना ते जन्मभर पुरतं.

सर पायरीवर बसले. डबा बाजूला ठेवला आणि हळू आवाजात बोलले, "पोरांनो, तीस वर्षं मी तुम्हाला पटवायला शिकवलं. काय पटवायचं ते डब्यावर सोडलं. मला वाटायचं, दोन्ही बाजूंनी बोलता येणं म्हणजे विद्या. तोंडाला दोन्ही बाजू येतात रे. सुंदीच्या पायांना एकच येते. मी पेपरातल्या बातमीवर तुमच्याकडून बोलून घेत होतो, आणि ती बातमी मायाच्या घरी राहत होती. मला ठाऊक होतं ते. तरी मी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण वाक्य चांगलं पडलं होतं. हिनं मला विचारलंही होतं, चिठ्ठी काढायची का म्हणून. त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, माया, तुला खरं वाटतं ते बोल. तेवढी चिठ्ठी मी या डब्यात कधी टाकलीच नाही."

"मग आता काय करायचं, सर?" एकानं विचारलं.

"आता?" सर कुलपाकडं बघून म्हणाले, "आता काही होत नाही. उशीर झाला म्हणजे काय, ते दाखवायलाच तुम्हाला इथं आणलं."

पोरं डोंगर उतरायला लागली. सर सगळ्यांत मागं, गुडघ्यावर हात टेकत. डबा पायरीवरच राहिला. एका शेळीनं तो हुंगला आणि सोडून दिला.

माया खाली गेली नाही. तिनं सुंदीचा हात धरला, खडू तिच्या बोटांत बसवला आणि दारावरच्या 'सदरा'तल्या स ला उकार दिला, वर टिंब दिलं. सुंदीनं वाचलं, "सुंदरा." आणि हसली.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी दाराला अंग घासलं. खडू पुसून गेला. कुलूप आहे.

म्हणून एवढंच सांगणं, कुणी लई झकास बोललं तर टाळी वाजवायच्या आधी मान वर करून बघा, रजिस्टर कुणाच्या मांडीवर आहे.