चौबळसाहेबांची पाच मिनिटे

त्या दुपारी आमच्या सरकारी वसाहतीच्या आवारात जे कडाक्याचे भांडण झाले, त्यातील एक पक्ष मी होते. दुसरा पक्ष होता पाण्याचा पंप चालवणारी सुगंधाबाई.

आमची चार मजली जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. गृहनिर्माण खात्याचे मुख्य अधिकारी चौबळसाहेब नकाशा घेऊन आले. त्यात घरांसमोरची सामाईक गॅलरीच नव्हती!

"गॅलरी म्हणजे वाया गेलेली जागा," साहेब म्हणाले.

"साहेब, मी एकटी राहते," मी म्हणाले. "गेल्या श्रावणात घरात पडले. गॅलरीतून जाताना सुगंधाबाईने उघड्या दारातून पाहिले, म्हणून वाचले."

"घरोघरी घंटी बसवून देऊ!"

"म्हणजे पडलेल्या माणसाने आधी उठून घंटी वाजवायची?" सुगंधाबाईने विचारले.

साहेब चिडले. "गॅलरी एवढ्या कामाची आहे ना? मग पाच मिनिटांत ऐंशीही घरांतली माणसे तिथे उभी करून दाखवा! हाक मारायची नाही, दार वाजवायचे नाही, फोन करायचा नाही. जमले तर गॅलरी देतो!"

दुपारचे तीन वाजले होते. सारी इमारत झोपली होती. मी हताश झाले. सुगंधाबाईने मात्र पदर खोचला आणि ती माझ्यावरच उसळली.

"काय हो पाध्येबाई! तुमच्या चादरीचे पाणी माझ्या कुरडयांवर का गळते?"

"अशक्य! मी चादर घट्ट पिळून वाळत घालते."

"तुमच्याने लिंबू तरी पिळवते का?"

"जीभ आवरा! छत्तीस वर्षे मी वर्ग सांभाळला आहे!"

"म्हणूनच मुले पळून जायची!"

"कोण पळाले? एकाचे तरी नाव सांगा!" माझा आवाज आवारभर घुमला.

वर एक दार उघडले. "अगं बाई, पाध्येबाई भांडतायत! अहो, उठा, बाहेर या!" लोबोबाई नवऱ्यावर ओरडल्या. खानविलकर अण्णा काखेत उशी घेऊनच धावत आले. बघता बघता चारही गॅलऱ्या कठड्यापर्यंत भरल्या. एकही दार बंद उरले नाही!

"मोजा, साहेब!" सुगंधाबाई म्हणाली. "आम्ही कोणालाही हाक मारलेली नाही. नुसता आवाज चढला, तर ऐंशी घरे धावली. तुमच्या नकाशातल्या बंद घरांत आमची हाक तरी कोणी ऐकेल का?"

साहेब पोट धरून हसले. चादरीबाबतचे माझे म्हणणे मात्र ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते.

नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सहा फूट रुंदीची गॅलरी ठेवावी आणि पंपाच्या खोलीत राहणाऱ्या सुगंधाबाईला पहिल्या मजल्यावर घर द्यावे, असे ठरले. चौबळसाहेबांनी नकाशावर तसे लिहून सही केली. ऐंशीही घरांनी गॅलरीतूनच हात वर करून संमती दिली.