कासारकोंडाच्या तीन वाटा

"तिघांतलं कोण खरं बोललं, तेवढं सांगा बुवा. बाकी मला काही नको."

सोमगिरीबुवा देवळाच्या ओट्यावर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होते.

विचारणारा होता हेरंब टिपणीस. पुण्याचा. हौशी माणसांना जीपमधून आडरानात न्यायचं, तंबूत ठेवायचं आणि धडपणी परत आणायचं, हा त्याचा धंदा. डोंगरापलीकडे कासारकोंड नावाची दरी आहे आणि तिथे गरम पाण्याचा झरा आहे. इकडची माणसं त्याला उन्हाळं म्हणतात. शुक्रवारी तीन गाड्या आणि बारा माणसं घेऊन त्याला तिथे दोन दिवस मुक्कामाला जायचं होतं. आज तो फक्त वाट विचारायला आला होता.

वाट विचारायची त्याची एक रीत होती. एकच प्रश्न तिघांना, एकेकट्याला गाठून विचारायचा. पोलीस विचारतात तसा. मग उत्तरं ताडून बघायची.

"ताडून बघितलीस?" बुवांनी विचारलं.

"बघितली ना! तिघांची तीन उत्तरं." हेरंबने नकाशा ओट्यावर पसरला. "जानू झोरे म्हणतो पठारावरून जा. धाकू कोकरे म्हणतो ओढ्याच्या काठाने जा. आणि ती म्हातारी, चांगुणा... ती म्हणते खिंडीतून."

"बरं."

"बरं काय? दोघं तरी खोटं बोलतायत. कदाचित तिघंही."

बुवांनी डाव्या गुडघ्याचं तेल संपवलं आणि उजव्याला लावायला घेतलं.

खाली वडाजवळ उभ्या असलेल्या जीपचा हॉर्न एकदा वाजला.

"कोण आहे गाडीत?"

"भाऊ. निनाद."

"वर का नाही आला?"

"पायऱ्या आहेत... त्याचा एक पाय नाही."

बुवांनी वडाकडे बघितलं. पुन्हा तेलाकडे वळले.

"अजून एक गंमत सांगतो," हेरंब म्हणाला. विषय बदलायची त्याला घाई होती. "हे बघा. मी तिन्ही वाटा नकाशावर आखल्या. जानूची वाट जानूच्या दारावरून जाते. धाकूची धाकूच्या. म्हातारीची म्हातारीच्या. आहे की नाही? सगळ्यांना माझ्या गाड्या आपापल्या दारात थांबवायच्यात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चहापाणी, भाकरी, मग वाटाड्याचे पैसे. मी काय आज या धंद्यात आलोय?"

"जानूने पैसे मागितले?"

"अजून नाही."

"ताक दिलं असेल."

"दिलं. मी नाही प्यायलो."

बुवा हसले. जानूचं ताक नाकारणारा माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नसावा.

"मग तुम्हीच सांगा ना वाट," हेरंब म्हणाला. "सगळा गाव म्हणतो, कोंड बुवांनी पायाखाली घातलाय."

"मी वाट सांगत नाही."

"का?"

बुवांनी तळहातावर आणखी थोडं तेल ओतलं.

"बघा! तुम्हीसुद्धा." हेरंबने नकाशाची घडी घातली. "तुमचंही काहीतरी आहे यात. बाहेरची माणसं तिथे यायला नको असतील. तसं तोंडावर सांगा, मला वाईट वाटणार नाही."

बुवांना राग आला नाही. निदान दिसला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भावाचा पाय कशात गेला?"

हेरंब उठणार होता. पण हॉर्न पुन्हा वाजला आणि तो बसला. हा प्रश्न टाळून खाली जायची सोय नव्हती. निनादने सकाळीच बजावलं होतं, 'या वेळी वाट नीट विचारून ये. नाहीतर मी इथूनच एसटीने घरी जातो, आणि पुन्हा तुझ्या गाडीत पाय ठेवत नाही.' अपघाताला वर्ष होत आलं होतं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हेरंबबरोबर घराबाहेर पडला होता. शुक्रवारच्या बारांत तो एक होता.

"दुसऱ्या एका घाटात," हेरंब सांगू लागला. "तिथल्या वाटाड्याने लांबची वाट सांगितली. आधी त्याच्या पाड्यावरून, मग खाली. मी ओळखलं, याचं पाड्यात दुकान असणार. हो म्हटलं, आणि पुढे जाऊन गाडी सरळ नदीच्या पात्रात घातली. नकाशात दिसत होतं तसं."

"मग?"

"उलटली. निनादचा पाय खाली सापडला. फोन लागत नव्हता... चौदा तास तसाच होता तो."

"चौदा तास कोणीच आलं नाही?"

"येणार कसं? आम्ही कुठे आहोत हे कोणाला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चार तास आधी आणला असतात तर पाय राहिला असता."

"आणि तो वाटाड्या?"

हेरंब कडवट हसला. "त्याचं काय सांगता! आम्ही दिसलो नाही म्हणून शोधायला निघाला होता म्हणे. पण शोधलं कुठे? पाड्याच्या वाटेवर! आम्ही तिकडे नव्हतोच. सगळी वाट पालथी घातली आणि..."

हे त्याने आजवर पन्नास जणांना सांगितलं होतं. वाटाड्या कसा बिनकामाचा निघाला, हे पटवायला. आज मात्र ते वाक्य त्याला पुरं करता येईना.

बुवा वाट बघत राहिले.

"...त्याने सांगितलेल्याच वाटेवर शोधत होता," हेरंब हळूच म्हणाला.

देवळामागे कोणाची तरी गुरं चरत होती. त्यांच्या घंटा वाजत राहिल्या.

बुवांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

"या धनगरवाड्यांतली एक रीत आहे. कोंडाची वाट ज्याने सांगितली, त्याने माणूस परत यायची वाट बघायची. म्हणून सांगायची ती आपल्या दारावरून. जाताना दिसला पाहिजे, येताना दिसला पाहिजे. परत यायच्या ठरल्या दिवशी दिवेलागणीला दिसला नाही, तर सांगणाऱ्याने जेवायचं नाही. शोधायला निघायचं."

"आणि वाटा?"

"तिन्ही कोंडातल्या उन्हाळ्यालाच जातात."

हेरंबने घडी घातलेला नकाशा पुन्हा उघडला. बघितलं काहीच नाही, नुसता हातात धरून राहिला. त्याला लाज वाटली. जानूचं ताक आठवलं.

पण संशयाची सवय एका दुपारी जात नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही का सांगत नाही? तुमचंही दार आहेच की."

बुवांनी दोन्ही हात पुढे केले.

"मला उठव."

हेरंबने हात धरून त्यांना उठवलं. म्हातारा हलका होता. पण उभं राहताच त्यांचे गुडघे लटलटायला लागले. एक पाऊल टाकलं, दुसरं पडेना. हेरंबने त्यांना कसंबसं ओट्यावर परत टेकवलं.

"आता बोल," बुवा धापा टाकत म्हणाले. "वाट सांगतो. तुला शोधायला कोणी यायचं?"

हेरंब खाली वाकला, बुवांच्या त्या तेलकट गुडघ्यांना हात लावला आणि कपाळाला लावला. वाकणाऱ्यांतला तो नव्हता.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग कोणाच्या दारावरून जाऊ?"

"तुला कोण बरा वाटतो?"

"जानू चांगला आहे. गोड बोलतो. बारा जणांचं ताक आधीच घुसळून ठेवतो म्हणाला. धाकूही बरा. त्याला गाड्यांतलं कळतं, ओढ्यात चाक कुठे घालायचं ते दगड दाखवून सांगितलं त्याने. दोघंही म्हणाले, 'तुम्ही जानकार मानसं, तुम्हाला काय सांगायचं!'"

"आणि चांगुणा?"

"ती नको!" हेरंब उसळला. "बुवा, वकिलासारखी उलटतपासणी घेतली तिने माझी. 'किती टाळकी?' म्हटलं बारा. 'बारा म्हनतोस, आन् तेरावं निघालं तर?' माझ्याच गाडीत डोकावून बघितलं. 'परत कवा येनार? सांजच्याला म्हंजे कवा? दिस कुठं असंल तवा?' निनादला वेगळं विचारलं, 'ह्यो तुझा भाऊ बोलतो तसा वागतो का रं?'"

"निनाद काय म्हणाला?"

"...गप्प बसला."

"मग?"

"मग म्हणाली, 'शुक्करवारी गाड्या दारात उभ्या कर. समद्यांना खाली उतरव. मी मोजनार, भिताडावर रेघा वढनार, परत आलात की पुसनार. तुझ्या तोंडावर माझा इस्वास न्हाई.' आजवर असं कोणी बोललं नव्हतं मला."

"भिंत बघितलीस तिची?"

"बघितली. कोळशाच्या दोन रेघा आहेत कोपऱ्यात. जुन्या. त्या राहिल्यात पुसायच्या."

"राहिल्या नाहीत," बुवा म्हणाले. "अकरा वर्षं झाली. दोन पोरं आली होती शहरातून. तिला हो म्हणाली आणि गेली दुसरीकडून. चार दिवस ती खिंडीत हाका मारत फिरली."

हेरंबने नकाशा ओट्यावर ठेवला.

खाली हॉर्न वाजला. या वेळी लांबलचक. निनादने गाडीचं दार उघडलं होतं आणि कुबडी बाहेर काढून तो वर बघत होता. एसटीची वेळ झाली होती.

हेरंब घाईने उठला. नकाशा ओट्यावरच राहिला. तीन पायऱ्या उतरून तो पुन्हा मागे वळला.

"बुवा, माझा भाऊ आहे गाडीत. एकदाच सांगा. जानू की धाकू?"

बुवांनी नकाशा उचलला, त्याला तेलाचे हात पुसले आणि तो बाजूला ठेवला.

"तुझ्यावर जिचा विश्वास नाही, तिच्या दारावरून जा."