पुसलेलं पान

सान इसिद्रो गावाच्या वेशीबाहेर फड्या निवडुंगाची एक टेकडी आहे. मेक्सिकोच्या या भागात निवडुंगाचं कुणाला कौतुक नाही, पण या टेकडीवरच्या निवडुंगावर किरमिजी किडा कधी बसत नाही. वाट दाखवणारा म्हातारा एउसेबियो पाहुण्यांना पायथ्याशीच थांबवतो. "वर चढून काय बघणार? काटेच आहेत," असं म्हणून दगडावर बसतो आणि फेलिसियानोची कथा सांगतो.

एके काळी सारं गाव त्या किड्यावर जगत होतं. निवडुंगाच्या पानांवर किडे वाढवायचे, वाळवायचे, कुटायचे. त्यातून असा लाल रंग निघे की परदेशातले राजे त्याच्यासाठी जहाजं धाडत, म्हणे. मुलगी सासरी निघाली की आई तिच्या हातात किड्यांसकट एक पान देई. त्यावर तिचा नवा संसार उभा राही.

फेलिसियानो याच गावचा. खेचरांवरून रंगाच्या गोण्या बंदरात नेता नेता तो मोठा व्यापारी झाला, पुढे संसदेवर निवडून आला, आणि अखेर सरकारने त्याला राजदूत करून समुद्रापार पाठवलं. निघताना त्याच्या आईने, इग्नासियाने, लेकीला द्यावं तसं त्यालाही पान दिलं. "गाव विसरू नकोस," एवढंच म्हणाली.

तो विसरला नाही, तिथेच घात झाला. त्या थंड मुलखात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा घरमालकाच्या मुलीने, क्लाराने, त्याची सेवा केली. ती त्याला काका म्हणे. तिच्या लग्नात चांदी द्यावी, रेशीम द्यावं. तर या भल्या माणसाने खिडकीत जिवापाड जपलेल्या निवडुंगाचं पान किड्यांसकट तिच्या हातात ठेवलं. किडे कसे सांभाळायचे तेही समजावलं. क्लाराच्या सासऱ्याचे उष्ण बेटांवर मळे होते. फेलिसियानोला ते ठाऊक होतं, पण त्याच्या मनात पाप नव्हतं, म्हणून शंकाही आली नाही.

काही वर्षांतच त्या बेटांवरून लाल रंगाची जहाजं निघू लागली. सान इसिद्रोच्या गोण्या बंदरातच पडून राहिल्या.

फेलिसियानो पद सोडून परतला. गावाने दगड मारले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. लोकांनी टोप्या काढून नमस्कार केला आणि वाट सोडली. आई अंगणात होती. त्याने सगळं सांगून टाकलं.

"लेक समजून दिलंस?"

"हो, आई."

"मीही दिलं असतं रे," ती म्हणाली. "पण ते पान आपल्या एकट्याचं नव्हतं."

मग तिने एक पान कापलं आणि अंगठ्याने त्यावरचा एकूण एक किडा पुसून काढला. बोटं लालभडक झाली. ते कोरं पान तिने त्याच्या हातात ठेवलं. पान घर सोडणाऱ्यालाच देतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

ते पान त्याने या खडकाळ टेकडीवर लावलं आणि शेवटपर्यंत इथेच झोपडीत राहिला. आई गेली तेव्हाही तो वेशीच्या आत आला नाही. त्या एका पानाची ही सारी टेकडी झाली, असं सांगतात.

"म्हातारी फारच कठोर, नाही?" एउसेबियो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता उठतो. "पण रोज संध्याकाळी ती अंगणात टेकडीकडे तोंड करूनच बसायची, म्हणे."

आजही गावातली मुलगी सासरी निघाली की आई तिला पान देते. किड्यांचा धंदा कधीच बुडाला. पुसायला पानावर काहीच नसतं. तरी देण्याआधी आई त्यावरून अंगठा फिरवते.