चष्मेवाल्याचा छोटा कॅमेरा

“मग वाईट काय हाय ह्याच्यात?” धोंडगिरबाबांनी विचारलं.

शशिकांत नलवड्यानं खिशातून काढून कॅमेरा त्यांच्या तळहातावर ठेवला होता. साबणाच्या वडीहून थोडा मोठा. बाजारात वांगं बघावं तसा बाबा तो उलटासुलटा करून बघत होते.

“वाईट म्हणजे… तसा चांगलाच आहे, बाबा.”

“मग चांगलं सांग आधी.”

एवढं विचारायचाच अवकाश होता. शशिकांतचं तालुक्याला चष्म्याचं दुकान. भिंगांत जन्म गेलेला, त्यात कॅमेऱ्याची हौस. हा कॅमेरा घेण्याआधी त्यानं वर्षभर बायकोचं डोकं खाल्लं होतं.

“खिशात मावतो. आतला सेन्सर मोबाईलपेक्षा कितीतरी मोठा, सावलीतलंही बारीकसारीक टिपतो. सगळं आपल्या हातानं जुळवता येतं. आवाज नाही. आणि समोरच्याला वाटतं खेळणं आहे, त्यामुळं तो उगाच तोंड वाकडं करत नाही.”

“आन् वाईट?”

“बॅटरी लवकर मान टाकते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. भिंग बदलता येत नाही, आहे ते आहे. आणि लांबचं…”

“लांबचं काय?”

“झूम तोकडा. बरं, आहे तेवढा ताणावा, तर भिंगातून उजेड कमी यायला लागतो. फोटो काळवंडतो, हलतो.”

“आन् जवळचं?”

“जवळून? जवळून याचा हात कोण धरणार!”

चिंचेवर कावळे ओरडत होते.

धोंडगिरबाबांचा मठ म्हणजे धुळोबाच्या टेकडीखालची एक पत्र्याची खोली आणि पुढं ती चिंच. टेकडी आबाशेठनं मुरमासाठी पोखरायला घेतली होती. परवानगी ना बिरवानगी. तिच्या पोटातल्या झऱ्यावर गावची विहीर भरायची, आणि यंदा विहिरीतून हंडाभर पाणी काढावं तर तळाला ओंजळभर गाळ बसायचा. गावकरी तहसील कचेरीत जाऊन आले. साहेब म्हणाले, भरलेल्या गाडीचा, नंबर वाचता येईल असा फोटो आणा, मग बघू.

फोटो कोण काढणार? सगळ्यांनी शशिकांतकडं बोट दाखवलं. कॅमेऱ्यावर एवढं बोलणारा दुसरा होता कोण?

तेव्हापासून तो रोज तिन्हीसांजेला घायपाताच्या आड बसायचा आणि रोज काळा ठिपका घेऊन घरी जायचा.

“मोठाच कॅमेरा पाहिजे, बाबा. लांब भिंगाचा. इथं चिंचेखाली बसून नंबर वाचता येईल. दिवाळीत घेतो.”

“टेकडी थांबंल का दिवाळीपतोर?”

“पण याच्यातच दोष आहे, त्याला मी काय करू?”

“कुठला दोष?”

“आत्ता नाही का सांगितलं? जवळ जावं लागतं.”

“हां…” बाबांनी कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. “लई वाईट खोड.”

शशिकांतचे कान तापले. तो काही बोलणार, तोवर बाबा उठले. खांद्यावर घोंगडी टाकली आणि रस्त्याकडं चालू लागले.

आता तो भ्यायचा, यात खोटं काही नाही, पण उगाच नावं तरी कशाला ठेवायची? आबाशेठ रोज बाजारात भेटणारा माणूस. घरातल्या लहानथोरांचे चष्मे शशिकांतच्याच दुकानातले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? तुम्ही-आम्ही तरी घेतलं असतं का?

दिवस मावळला. टेकडीकडून ट्रकची घरघर आली.

शशिकांत आपल्या जागी, घायपाताआड. बाबांनी रस्त्याच्या मधोमध घोंगडी अंथरली आणि मांडी घातली. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला दरड. ट्रक करकचून थांबला.

आबाशेठ चालकाशेजारीच बसला होता. त्यानं खिडकीतून मान काढली. “बाबा, उठा. गाडी लागेल.”

“लागू दे की.”

“मठाला स्लॅब टाकून देतो. बोला, कधी टाकू?”

“टेकडी दे.”

“इस्माईल, कडेनं काढ रे गाडी!”

“कडेनं बसत नाही, शेठ.”

“मग सरळ घाल. उठतंय की नाही बघू म्हातारं.”

इस्माईलनं इंजिन बंद केलं. किल्ली काढून शेठच्या मांडीवर ठेवली. “हात झडतील माझे. तुम्ही चालवा.”

आबाशेठ किल्लीकडं बघत राहिला. मग त्यानं ती उचलली.

घायपाताआड शशिकांतनं झूम होता तेवढा ताणला. पडद्यावर एक मोठं काळं ढेकूळ दिसलं. त्याच्यापुढं एक बारकं काळं ढेकूळ.

ते बारकं ढेकूळ म्हणजे बाबा…

तो उठला. घायपाताच्या काट्यानं बाही फाटली, तेही त्याला कळलं नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चिमुकला फ्लॅश होता, तो त्यानं कधी उघडलाच नव्हता. हौशी मंडळी फ्लॅशला नाक मुरडतात. शिवाय त्याचा उजेड चार पावलांपलीकडं पोचत नाही. बोटानं तो वर केला आणि शशिकांत चालत गेला. पार बाबांच्या घोंगडीपर्यंत.

लख्ख!

“कोण रे?” आबाशेठ डोळे चोळत ओरडला. “कोण आहे?”

“मी. शशिकांत नलवडे.”

“चष्मेवाला? तू होय! आण इकडं ते खेळणं.”

“नाही देत.”

“काय म्हणालास?”

“नाही देत म्हटलं. उद्या पण काढणार. परवा पण काढणार.”

आपलाच आवाज ऐकून शशिकांत दचकला. पण पाय होते तिथंच राहिले.

“दुकान चालवायचंय ना तुला?” आबाशेठ हळू आवाजात म्हणाला.

“चालवतो की. सकाळी उघडलेलं असतं. या.”

इस्माईलला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात दडपलं.

आबाशेठनं शशिकांतकडं बघितलं. बाबांकडं बघितलं. पुन्हा शशिकांतकडं बघितलं. मग किल्ली इस्माईलच्या अंगावर फेकली. “मागं घे.”

भरलेला ट्रक तसाच मागं मागं सरकत टेकडीकडं गेला. धूळ खाली बसली.

शशिकांतनं घाईघाईनं पडद्यावर फोटो उघडला.

फ्लॅशचा उजेड नंबरपाटीवर आदळून सगळाच्या सगळा परत आला होता. पाटीच्या जागी पांढराफटक चौकोन. एक आकडा दिसेल तर शपथ! मागं उरलेलं सगळं काळं.

“बाबा, फसला हो.” “एवढं करून फसला. साहेब हा घेणार नाहीत. यात काहीच दिसत नाही. ना नंबर, ना आबाशेठ, ना तुम्ही.”

बाबा उठून घोंगडी झटकत होते. त्यांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“तू त्याला नीट दिसलास न्हवं?”