ताटाशेजारची कुऱ्हाड

घोटवणच्या भैरोबासमोर चौकात एक काटेसावर उभी आहे. फाल्गुनात आलात तर पाराच्या अलीकडूनच दिसते. ती अर्ध्याच अंगाने फुलते. समोरच्या टेपाकडच्या, म्हणजे टेकडीकडच्या फांद्यांवर पान नाही, नुसती फुलं, आणि तीही इतर सावरींसारखी तांबडी नाहीत, केशरी आहेत. होळीच्या मानकऱ्यांच्या घराकडची बाजू मात्र काळी ठिक्कर, पोखरलेली. तिकडे फूल सोडाच, पालवीसुद्धा धरत नाही. पाहुणे येतात, मान वर करून बघतात, "वीज पडली असेल" म्हणतात आणि मोकळे होतात. वीजबीज काही पडलेली नाही मंडळी.

आणि होळीला आमच्या गावात जेवायला थांबलात, तर आणखी एक गोष्ट दिसेल. माहेरी आलेली बहीण पाटावर बसते. पुढे पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी, सगळं वाढलेलं असतं. पण ती घास मोडत नाही. भावाकडे बघून विचारते, "दादा, कुऱ्हाड कुठाय?" भाऊ उठतो, घरातली कुऱ्हाड आणतो आणि तिच्या ताटाच्या उजव्या अंगाला ठेवतो. शहरातून आलेल्या नव्या जावयाला हसू फुटतं. घोटवणची पोर हसत नाही. ती का हसत नाही, ते येसूची गोष्ट ऐकल्यावर कळेल.

फार पूर्वी हा समोरचा टेप उघडा बोडका होता असे सांगतात. खडक, कुसळं आणि ऊन. येसू घोटवणची माहेरवाशीण. तिचं लग्न गोंदा नावाच्या माणसाशी झालं होतं. गोंदा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट उतरायचा आणि कोकणातून मीठ घेऊन वर यायचा. गावठाणात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून शिवेच्या पलीकडे, टेपाच्या पायथ्याशी त्यांनी खोपट घातलं. मूलबाळ झालं नाही. बायकोला खण-बांगड्या आणण्याची गोंदाची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढी अक्कलही नव्हती. तो आणायचा झाडांचं बी. घाटात पळसाखाली थांबला की चपट्या शेंगा, बहाव्याखाली थांबला की काळ्या लांबड्या शेंगा, सगळं पागोट्याच्या पदरात बांधून घरी. येसू आधी चिडायची. मग एकदा त्याने सावरीचं बोंड आणलं. तिने ते दारात फोडलं, कापूस वाऱ्यावर उडाला, आणि त्यामागे दोघं पोरांसारखी टेपभर धावली म्हणे. त्या दिवसापासून ती चिडायची थांबली.

बहाव्याचं बी टणक असतं. ते दगडावर घासून लावायचं, हे तिला दोन पावसाळे फुकट गेल्यावर कळलं. पांगाऱ्याची फांदी नुसती खोचली तरी जगते, पळसाला मात्र धीर लागतो. हे सगळं ती हातांनी शिकली. रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करायचं, शेळ्यांना शिव्या घालायच्या आणि उन्हाळ्यात ओढ्यावरून घागर घागर पाणी वर चढवायचं. या कामात तिच्या जोडीला एकच माणूस यायचा, तिचा थोरला भाऊ सुभानजी. होळीचा मान त्याच्या घराकडे होता, तरी मानकरी असून हा खांद्यावर घागर घेऊन बहिणीच्या मागे टेप चढायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा लेको. फुलं आली की बघायला याल तवा इचारतो."

गोंदा एका पावसाळ्यात घाटातून परत आला नाही. बैल तेवढे आले.

त्याने आणलेल्या बोंडातलं एकच रोप जगलं होतं. येसू त्याला थोरली म्हणायची, घरातल्या थोरल्या लेकीला म्हणावं तसं. गोंदा गेल्यावर कितीतरी वर्षांनी, एका फाल्गुनात, थोरली पहिल्यांदा फुलली. फुलं केशरी निघाली. तशी सावर पंचक्रोशीत कोणी पाहिलेली नव्हती. त्या साली टेपावर पळस पेटला होता, पांगारा लालबुंद झाला होता, कुसुंबाला तांबडी पालवी फुटली होती आणि साळुंक्या सावरीच्या फुलांत डोकं घालून भांडत होत्या. येसू दिवसभर झाडांमधून फिरत राहिली. ती फूल कधी तोडत नसे. खाली पडलेलं उचलायची, तळहातावर ठेवून बघायची आणि पुन्हा बुंध्याशी ठेवायची. त्या दिवशी मात्र तिने पहिलं केशरी फूल उचललं, ओटीत घेतलं आणि गोंदाचं नाव घेऊन रडली. सुभानजी तिच्याजवळच बसून होता.

झाडं मोठी झाली तशा गावाच्या नजराही टेपाकडे वळल्या. आजूबाजूचं रान लोकांनी कधीच तोडून चुलीत घातलं होतं. कोणी फांदी मागू लागलं, कोणी न मागता नेऊ लागलं. येसू भावाकडे गेली. सुभानजी भैरोबाच्या देवळात उभा राहिला आणि सगळ्या गावासमक्ष त्याने बेलभंडार उचलला. "गावातल्या कुठल्याबी घरची कुऱ्हाड येसूच्या टेपावर चढणार न्हाई. चढली तर मला भैरोबा बघून घील." असा शब्द दिल्यावर पुढे बोलायला कोणाला जागा उरली नाही. येसू त्या रात्री गाढ झोपली असेल.

आता होळीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे होळीला मधोमध उंच खांब उभा करत. रानातली सरळसोट सावर बघायची, तोडायची, काटे तासायचे, आंब्याचे डहाळे बांधायचे, वाजतगाजत आणून खड्ड्यात उभी करायची आणि भोवती लाकडं रचून पेटवायची. शेंड्याला मात्र फुलांचा एक तुरा शोभेला ठेवायचा. खांब किती उंच, यावरून मानकऱ्याची उंची मोजायची. नदीपलीकडच्या मोरघळची आणि आमची यात कायमची चुरस. एका साली आमच्या रानात सावर उरलीच नव्हती. सुभानजीने कसाबसा भलत्याच झाडाचा एक वाकडा सोट उभा केला. मोरघळच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नदीवरून ओरडून विचारलं, "मानकरी, म्हशी हाकायची काठी पुरलीया का?" गाव वर्षभर तेच ऐकत होतं. सुभानजीला पाणवठ्यावर जायची लाज वाटू लागली. माणसाला उपाशी राहता येतं हो, पण हसं झालेलं सहन करता येत नाही.

पुढच्या होळीच्या आदल्या दिवशी तो येसूच्या खोपटात आला. म्हणाला, "येसू, कुऱ्हाड दे की तुजी. घरच्या कुऱ्हाडीचा दांडा निखळलाय. पोळ्यांसाठी लाकडं फोडायचीत." तिने गोंदाची कुऱ्हाड काढली, पदराने पुसली आणि दिली. मग तो दारातच घुटमळला. "आन् उद्या जेवायला ये. तुजी वयनी सांगावा घिऊन येतीया."

गोंदा गेल्यापासून येसूला सणाला कोणी बोलावलं नव्हतं. कपाळ पांढरं झालेल्या बाईला सणाच्या पंगतीला कोण बोलावणार? आणि आता सख्खा भाऊ स्वतः आला होता. तिने जुनं लुगडं ओढ्यावर धुऊन वाळत घातलं. सकाळी वहिनी खरंच आली. येसू इतकी हरखली, की निघताना थोरलीच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, "माह्यारला जाऊन येते गं."

भर दुपारी ती पाटावर बसली. पुरण गुळाचं होतं, मऊ सूत. वहिनी पुन्हा पुन्हा वाढत होती.

"घ्या की वन्सं, आजून एक."

"पोट भरलं गं. दादा कुठाय?"

"येत्याल. होळीची गडबड हाय. तुमी बसा."

वहिनी वर बघत नव्हती. तुपाची धार तिने ताटाबाहेरच सोडली. येसूला वाटलं, चुलीपुढे थकली असेल बिचारी. तिने ती आणखी एक पोळीही खाल्ली, वहिनीचं मन मोडू नये म्हणून. टेपाकडून काही आवाज आला असेल तर हलगीच्या आवाजात तो बुडाला.

संध्याकाळी ती चौकात आली. खांब उभा राहिला होता. एवढा उंच, एवढा सरळ खांब घोटवणने पाहिला नव्हता. लोक बेभान नाचत होते, नदीकडे तोंड करून मोरघळच्या नावाने बोंब मारत होते. येसूही हसत गर्दीत शिरली. भावाचा मान राहिला याचा तिला आनंद झाला होता. खांबाच्या पाया पडून तिने वर बघितलं. शेंड्याला फुलांचा तुरा होता.

फुलं केशरी होती.

असे सांगतात, की येसू ओरडली नाही. ती गर्दीतून वाट काढत सुभानजीपुढे गेली आणि तिने हात पुढे केला. "कुऱ्हाड दे माजी. लाकडं फोडून झाली असत्याल."

हलगी थांबली. सुभानजीने कुऱ्हाड दिली. पात्याला सावरीचा ओला भुसा चिकटलेला होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "शबुद मोडला न्हाई मी, येसू. गावातली कुऱ्हाड टेपावर चढली न्हाई. तुजं घर शिवंबाहेर हाय. ही कुऱ्हाड तुजी."

बघा, माणूस किती विचार करून दगा देतो! त्या गर्दीत एकाने तरी मान वर करायची होती. कोणी केली नाही. मोरघळपेक्षा उंच खांब सगळ्यांनाच हवा होता.

येसू म्हणाली, "मी तुज्या घरात जेवत हुते, तवाच तोडलीस?"

सुभानजीने डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

"तवाच," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हनून बलिवलंस." कुऱ्हाड खांद्यावर टाकून ती टेपाकडे निघून गेली. तिने शाप दिला असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तिने काहीच दिलं नाही.

होळी पेटली. लाकडं जळली, गोवऱ्या जळल्या, डहाळे जळले. खांब मात्र मानकऱ्यांच्या घराकडच्या अंगाने काळा पडला आणि तसाच उभा राहिला. पुन्हा लाकडं घातली, तूप ओतलं, तरी तो पडेना. शेवटी लोक घाबरून घरी गेले. तो उपटायचं धाडस कोणाला झालं नाही. चैत्र सरताना टेपाकडच्या अंगाला हिरवे कोंब दिसले. कोणी शहाणे म्हणतात, ओलं लाकूड धड जळत नाही आणि सावरीचा सोट जमिनीत रुजतो, त्यात चमत्कार कसला? म्हणू द्या. दुसऱ्या बाजूला आजवर एक कोंब का आला नाही, ते त्यांना विचारा.

सुभानजीचं पुढे कशातच मन लागलं नाही. त्याने होळीचा मान सोडला. टेपावर जाऊन तुटलेल्या बुंध्याशेजारी त्याने सावरीचं बी लावलं, कुंपण केलं, घागरी वाहिल्या. येसू त्याला अडवत नव्हती आणि बोलतही नव्हती. रोपं शेळ्यांनी खाल्ली, त्याने पुन्हा लावली. अशी कितीतरी वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. मग एका फाल्गुनात त्याची एक सावर फुलली. तांबडी फुलली, पण फुलली. तो येसूच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "येसू, झाड आलं. होळी हाय. जेवायला ये."

ती आली. त्याच पाटावर बसली. वहिनीने पोळी वाढली आणि ती या वेळी उघडपणे रडत होती. सुभानजी समोर हात जोडून बसला होता. येसूने पोळीला हात लावला नाही.

"झाड ग्वाड आलंय दादा," ती म्हणाली. "तू लई राबलास, मी बघत हुते. पन त्या दिशी तुज्या घरी जी पोळी खाल्ली नव्हं, ती आजून माज्या घशाखाली उतरली न्हाई. तिच्यावर दुसरी कशी घालू?"

ती पेलाभर पाणी प्यायली आणि उठली. बरोबर आणलेली गोंदाची कुऱ्हाड तिने ताटाशेजारी ठेवली. "ही हितंच ऱ्हाऊ दे. पुढं कुणाची भैन हितं जेवाय बसली, तर तिला डोळ्यापुढं दिसंल." त्यानंतर ती माहेरचा उंबरा चढली नाही म्हणे.

तेव्हापासून घोटवणला होळीचा खांब नाही. गुडघ्याएवढी गोवऱ्यांची होळी पेटते आणि मोरघळचे लोक हसायचे ते हसतात. फाल्गुनात टेपावर या. पळस, पांगारा, सावर सगळं फुललेलं दिसेल. दरसाल प्रत्येक घरचा भाऊ तिथे एक रोप लावतो आणि बहिणीला नेऊन दाखवतो. तुम्हीही बघा, हवं तेवढं फिरा, पण पडलेलीच फुलं उचला.

आजही चौकातली सावर अर्ध्याच अंगाने फुलते. आजही होळीला बहीण पाटावर बसते आणि भावाला कुऱ्हाड आणायला लावते. तो ती आणतो, ताटाशेजारी ठेवतो. मग ती उजव्या हाताने घास मोडते आणि तो खाली उतरेपर्यंत डावा हात कुऱ्हाडीच्या दांड्यावर ठेवते, भाऊ सख्खा असला तरी.