खापरखिंडीतला हजेरीचा पार

सुंदरीचं कुणी खरं मानलं नाही, आणि तिची गोष्ट सांगते म्हणून माझंही मानत नाहीत. मागे एक साहेब आले होते, गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेले. मी सांगून संपवलं तर हसले आणि म्हणाले, "काकी, हजेरी फाटकावर लागते. डोंगरावर कुणी हजेरी घेतं का?" मी म्हटलं, उद्या उजाडता इथे या आणि डोळ्यांनी बघा. आले नाहीत. झोप मोडली नसेल.

तुम्ही आलात, तर बसा. हा कुंभ्याच्या झाडाखालचा पार. वर सडा आहे, म्हणजे डोंगराचा सपाट माथा, त्यावर आमच्या वाड्या. खाली नदीकाठाला ते धुराडं दिसतं तो कौलांचा कारखाना. मधे ही खापरखिंड. कारखान्याची हजेरी फाटकावर लागत नाही, या पारावर लागते. इथे नाव पुकारलं की कामाची वेळ सुरू झाली. खिंड उतरण्यात जो वेळ जातो तो कामातच धरतात. कारखान्याच्या आवारात तुम्हाला एक फटफटी दिसायची नाही. लांबच्या गावांची माणसं कारखान्याच्या बसनं येतात, पण बसही इथेच थांबते. माणसं उतरतात आणि बाकीच्यांबरोबर चालत खाली जातात.

तुम्ही विचारता, माणसांना गाड्या सोडून चालायला लावलंत कसं. आम्ही कुणाला लावलं नाही. एक बाई मेली त्यावरून हे झालं.

फार जुनी गोष्ट आहे. इकडे रस्ता नवा होता आणि मोटार सगळ्या पंचक्रोशीत एकच, कारखान्याच्या मालकाची. मालकाचं नाव भानुदास, सगळे भानूशेट म्हणायचे. माणूस वाईट नव्हता असं सांगतात. मीही तेच सांगते, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही.

मोटार यायच्या आधी सड्यावरची माणसं उजाडायच्या आत निघायची, सगळी मिळून. खिंडीच्या पायथ्याला वहाळ आहे, म्हणजे ओढा. पावसात तो दोन्ही काठ सोडून धावतो. तो एकट्यानं कुणी ओलांडायचा नाही, अशी रीत होती. एकमेकांचे हात धरून साखळी करायची, आणि शेवटी दोन बायका, मथुरी आणि सुंदरी. कुणी मागे राहिलं नाही ना हे बघणं त्यांच्याकडे. लग्न होऊन दोघी एकाच वाडीत आल्या होत्या. मथुरीचा घोव, तिचा नवरा, होडीबरोबर बुडाला तेव्हापासून तिच्या घरात ती आणि तिचं लहान चेडू, म्हणजे मुलगी, एवढीच. कारखान्याची मजुरी आली तर चूल पेटायची.

मग मोटार आली. भानूशेट सड्यावरच्या बंगल्यातून रोज सकाळी मोटारीनं पुलावरच्या लांबच्या रस्त्यानं खाली जायचे. वाटेत माणसं दिसली की त्यांना बरं वाटायचं, थांबवून घ्यायचे. आत चार, फुटबोर्डावर चार. पुढे त्यांनी हुकूमही काढला: दुसऱ्या भोंग्याला फाटक बंद, बाहेर राहील त्याचा दिवस गेला, आणि पुन्हा पुन्हा बाहेर राहील त्याचं नाव कमी. मोटार दिली आहे, आता उशिराला कारण काय, असा त्यांचा हिशेब.

झालं काय, तर माणसं खिंड सोडून रस्त्याच्या वळणावर पळायला लागली. ज्याचे पाय धड त्याला मोटार. राहिलेली एकेकटी खिंडीनं उतरायची, धापा टाकत. मोटारीत आठ माणसं बसली आणि वाडीची साखळी मोडली. हे शेटांना दिसलं नाही. मोटारीत बसलेल्यालाही दिसलं नाही.

श्रावण होता म्हणे. मथुरीच्या पायात कौलाचं खापर शिरलं होतं आणि पाऊल भरून आलं होतं. दोन-तीनदा ती फाटकाबाहेर राहिली होती, आणखी एकदा राहिली तर नाव जाणार हे तिला ठाऊक होतं. त्या सकाळी इथे, या झाडापाशी, तिनं सुंदरीला थांबवलं.

"तू फुडे हो गो," ती म्हणाली. "मोटार गाठ. फाटकार सांग, मथुरी येता मागसून."

सुंदरी तयार होईना. मथुरी चिडली. "माझ्या वांगडा ऱ्हवलंस तर दोघांचीय नावां जातली. मगे चेडवाक काय तुझो हात खावक घालू?"

सुंदरी धावली. वळणावर मोटार मिळाली, पण आत जागा नव्हती. दाराला धरून ती फुटबोर्डावर उभी राहिली आणि खाली पोचली.

पोचल्यावर ती फाटकावरच्या माणसाशी बोलत बसली नाही. सरळ शेटांपुढे गेली. "मथुरी मागसून येता, शेटनू. पायात खापर गेलाहा तिच्या. फाटक जरा उघडां ठेवा."

भानूशेट कसल्याशा नमुन्याच्या कौलाकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मोटार होती मगे. ती कित्या नाय बसली?"

पहिला भोंगा झाला. तो खिंडीत ऐकू जातो, आजही जातो, थोड्या वेळानं ऐकाल. मथुरी तेव्हा वहाळाच्या अलीकडे असणार. ती पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली असती तर आज माझ्याकडे सांगायला काही नसतं. पण भोंगा झाला होता, आणि धरायला हात नव्हता. ती पाण्यात उतरली.

दुसरा भोंगा झाला, फाटक बंद झालं.

दुपारी नदीकाठच्या खाणीत माती काढायला माणसं गेली. वहाळ तिथेच नदीला मिळतो. मथुरी मातीत पडली होती, लुगड्याचा काष्टा तसाच, कंबरेला भाकरीचं फडकं बांधलेलं. सांगतात की एका म्हाताऱ्यानं तिच्या तोंडावरची माती पुसली आणि म्हणाला, "इलंस गो बाये. इलंस एकदाचा कामार."

मग दोष कुणाचा ते सुरू झालं. आधी वहाळाला नावं ठेवली. पाण्याला काय, कितीही नावं ठेवा. मग मोटार हाकणाऱ्या इनासला धरलं. तो बिचारा म्हणाला, मी चाक धरतो, माणसं मी निवडत नाही. मग सगळे सुंदरीकडे वळले. मागची बाई मोटारीत कशी? सोबतीण पाण्यात आणि ही दाराला लटकून?

सुंदरीनं सांगितलं, मथुरीनंच पाठवलं, मी शेटांना सांगितलं, फाटक उघडं ठेवा म्हटलं. कुणी खरं मानलं नाही. खरं मानायचं तर पोटाला घालणाऱ्याकडे बोट दाखवायला लागलं असतं. सगळ्यांनी शेटांच्या तोंडाकडे पाहिलं. शेट गप्प राहिले. ते म्हणाले नाहीत की ही खोटं बोलते. एवढंच की बोलले नाहीत. तेवढ्यावर वाडीनं ठरवलं.

सुंदरीनं मथुरीचं चेडू आपल्या घरी आणलं. मोटारीला तिनं पुन्हा हात लावला नाही. पुढच्या पावसात ती सगळ्यांच्या आधी वहाळावर जायची, कंबरभर पाण्यात मधे उभी राहायची आणि येईल त्याला हात द्यायची. लोक तिचा हात धरून पलीकडे जायचे आणि काठावर चढल्यावर म्हणायचे, "आज मोटार नाय गावली काय गो?" सगळ्यांना पोचवून ती फाटकावर यायची तेव्हा ते कधी उघडं असायचं, कधी बंद.

त्याच पावसात भानूशेट व्यापारासाठी बेळगावला गेले होते, नेहमीसारखे एकटे, मोटारीनं. सकाळी परतताना थेट कारखान्यावर जायला निघाले, तर पुलावरून पाणी. मोटार सड्यावर सोडून ते खिंडीनं पायी निघाले. इतकी वर्षं कारखाना चालवला, पण ही वाट पायाखाली पहिल्यांदाच आली असं सांगतात. पायात बूट, वाटेवर शेवाळ. वहाळापाशी आले आणि उभे राहिले. 

पाण्यातून हात पुढे आला. "घट धरा, शेटनू. बोटां नको, मनगट धरा."

मधोमध आल्यावर पाण्यानं त्यांना ओढलं. सुंदरीनं सोडलं नाही. तिथे, पाण्यात उभ्या उभ्या, त्यांनी तिला विचारलं म्हणे, "तू माका सांगलं होतंस. मगे लोकांका परत कित्या नाय सांगलंस?"

"सांगलंय," सुंदरी म्हणाली. "लोकां तुमच्या तोंडाकडे बघी होती. आता पाय उचला, माझ्यान जास्त वेळ उभा ऱ्हवक होना नाय."

तिच्या छातीत तेव्हाच पाणी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती वहाळावर आली नाही, अंथरुणाला लागली.

त्याच सकाळी शेट बंगल्यातून चालत या पारावर आले. माणसं वळणाकडे निघाली होती, त्यांना हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, सुंदरीनं माझ्याकडे फाटक मागितलं होतं, मी दिलं नाही, आणि वर्षभर गप्प बसलो. मग इथल्या दगडावर हात ठेवून बोलले ते असं: भट्टी पेटती आहे तोवर हजेरी इथे लागेल. चालणं कामात धरलं जाईल. सगळी आल्याशिवाय कुणी खिंड उतरणार नाही. आणि एका माणसासाठी इंजीन पेटणार नाही, माझ्यासाठीसुद्धा. मोटार सड्यावर उभी राहिली ती तिथेच कुजली. शेट पुढे व्यापाराला जायचे ते चार लोकांबरोबर पडावानं, म्हणजे शिडाच्या होडीनं, नाहीतर भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत दाटीवाटीनं.

माणसं सुंदरीच्या घरी धावली, तिला सांगायला की आता आमचा विश्वास बसला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "चेडवान खाल्ल्यान काय?"

पौर्णिमेच्या आत ती गेली. तिचं कुणी खरं मानलं त्याला उशीर झाला होता, आणि हा उशीर कुणाच्या हजेरीत धरायचा ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही तुमच्या कचेरीत पाट्या लावता, चालत या, सायकलनं या. चालणाऱ्याला पाण्याची बाटली बक्षीस देता, आणि साहेब एकटा गाडीतून उतरतो. उशीर झाला तर पगार चालणाऱ्याचाच कापता. चालायचा वेळ तुमचा की त्याचा, ते आधी ठरवा. मग पाट्या लावा.

आजही रोज सकाळी इथे नावं पुकारतात. वहाळावर आता साकव आहे, छोटा पूल, तरी माणसं हात धरूनच जातात. पण निघायच्या आधी, सगळी नावं संपल्यावर, सर्वांत मागे चालणारी बाई एक प्रश्न विचारते. सध्या ती मी आहे. शेटांनीच त्या दिवशी घालून दिलेला प्रश्न आहे, आणि उत्तरही त्यांनीच दिलेलं. सगळ्यांनी एकदम द्यायचं. शेटांचा पणतू आता कारखाना बघतो. तोही सड्यावरून चालत येतो आणि ओळीत उभा राहतो.

मी विचारते, "मथुरीक कोणी टाकल्यान?"

आणि तोही आमच्याबरोबर मोठ्यानं सांगतो, भानुदास विश्राम तिरोडकर.